चाटूसाठी चाकू

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी महिनाभर जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पहूरला गल्लोगल्ली बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, गडबड असते. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात रटरटत असतं आणि ते सारखं घोटत राहावं लागतं. हात थांबला की बुडाला लागलंच. या कामाला स्टीलचा डाव चालत नाही. तो दहा मिनिटांत तापतो आणि घट्ट पिठात वाकतो. तिथे लांब दांड्याचा लाकडी चाटूच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी ऐन घाईत आमचा चाटू मानेत मोडला. मी बांधावरच्या कडुनिंबाची तोडलेली फांदी घेतली, खिशातला घडीचा चाकू काढला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवा चाटू उभा केला. चाटू झाला, पण उजव्या तळहाताला तीन फोड आले आणि तर्जनी कापली. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतरच्या पन्नासेक चमच्यांत जे कळलं ते सविस्तर सांगतो. लाकडाचे चमचे स्वतः करून बघणारे हल्ली बरेच भेटतात, आणि पहिली चूक चाकू घेतानाच होते.

आधी कामाची हद्द ठरवू. खिशातल्या चाकूचं काम सोलण्याचं आहे. चाटू, उलथणं, पिठलं घोटायचा चपटा चमचा, चटणी काढायची पट्टी ही चपटी कामं त्याने उत्तम होतात. पळीचा खोलगट भाग सरळ पात्याने होत नाही. त्याला वाकड्या पात्याचा चाकू किंवा गोल पटाशी लागते. भाजलेली वांगी जिच्यात ठेचतात ती भरताची बडगी आणि भाकरीचं पीठ मळायची काठवट ही तर सुताराच्या वाकसाची कामं. चाटूलासुद्धा पहिला आकार कुऱ्हाडीने द्यायचा असतो. अख्खी फांदी चाकूने सोलत बसलात तर चाकूही जाईल आणि मनगटही.

चमच्यांसाठी सगळ्यात चांगला चाकू घडीचा नसतो, हेही सुरुवातीलाच सांगायला हवं. स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंना जगभरचे चमचे कोरणारे मानतात. त्यांतल्या १२० नंबरचं पातं ६ सेंटिमीटरचं आणि १०६ नंबरचं सुमारे ८ सेंटिमीटरचं. दोन्ही स्थिर पात्याचे: पात्याचा मागचा भाग मुठीत खोल गेलेला, सांधा नाही, हलायला जागा नाही. गावचा लोहारही जुन्या गाडीच्या कमानपाट्यातून असं छोटं पातं घडवून देतो. घरी बसूनच काम करणार असाल तर तोच घ्या. पण ज्याचं निम्मं काम शेताच्या बांधावर, आंब्याच्या सावलीत नाहीतर वाघूर नदीच्या काठी बसून होतं, त्याला म्यान सांभाळत फिरणं जमत नाही. त्याला खिशात मिटून राहणाराच चाकू लागतो. अशा माणसाने चाकू कसा निवडावा, हा खरा प्रश्न.

दुकानात गेल्यावर नजर आधी पात्यावर जाते. ती तिथून काढून सांध्यावर न्या. घडीच्या चाकूत दुबळी जागा तीच. चाकूची धार आपण लाकडात ढकलतो तेव्हा लाकूडही पात्याला उलट रेटतं. हा रेटा पातं आणखी उघडण्याच्या दिशेने असतो, आणि उघडं पातं मागच्या अडणीला टेकलेलं असतं. म्हणून सरळ सोलताना, खटका नसलेला चाकूही इमानाने काम करतो आणि आपल्याला वाटतं, चाकू भरवशाचा आहे. घात होतो तो पुढे. चाटूची मान कोरताना टोक लाकडात रुततं. ते निघत नाही म्हणून आपण मूठ वरखाली हलवतो. त्या क्षणी रेटा उलटतो आणि पातं मिटण्याच्या दिशेने येतं. माझ्या चाकूला खटका नव्हता. पाठीला नुसती स्प्रिंगची पट्टी होती, तिच्या जोरावर पातं उघडं राहायचं. टोक अडकलं, मी मूठ उचलली आणि पातं तर्जनीवर मिटलं. तीन टाके पडले. दुसऱ्या पेरावर ती पांढरी रेघ अजून आहे.

तेव्हा पहिली अट अशी की पातं उघडल्यावर पक्कं अडलं पाहिजे. अडवण्याच्या तऱ्हा तीन भेटतात. पहिलीत मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते. पातं उघडलं की ती आडवी सरकून पात्याच्या बुडाला भिडते. ही घेताना आत डोकावून पाहा. पट्टी पात्याच्या बुडाखाली चांगली आत गेली पाहिजे. नुसत्या कडेवर टेकली असेल तर मूठ पिळताना ती निसटू शकते. दुसरीत खटका मुठीच्या पाठीवर असतो. तो मजबूत असतो, पण चाकू मुठीत घट्ट आवळून काम करणाऱ्याच्या तळव्याने तो नकळत दाबला जाऊ शकतो. तिसरी तऱ्हा कड्याची: सांध्यावर एक कडं असतं, ते फिरवलं की पात्याची वाट बंद होते. कड्यावर बोटांचा दाब पडला तरी ते सरळ दाबाने सुटत नाही, फिरवावंच लागतं. कोरण्यासाठी मला हीच तऱ्हा सर्वांत बरी वाटते.

अडणी पक्की असली तरी सांधा सैल असू शकतो. चाकू उघडून अडवा, एका हातात मूठ धरा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या चपट्या बाजू टोकाजवळ धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवा. टक् टक् असा बारीकसा आवाज किंवा हाताला जाणवणारी हालचाल असेल तर तो चाकू परत ठेवा. भाजी चिरताना ती हालचाल कळतही नाही. पण चाटूच्या दांड्यावरून लांब साल काढताना पातं केसभर जरी तिरकं झालं तरी धार खोल शिरते, किंवा वर येऊन निसटते. सांध्याला रिपीटच्या जागी स्क्रू असेल तर तो कसता येतो, ही एक सोय.

आता मूठ. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे तीन फोड मुठीनेच दिले. भाजी चिरताना चाकू एकाच पकडीत असतो. कोरताना पकड सारखी बदलते. कधी धार आपल्यापासून दूर, कधी छातीकडे. कधी अंगठा पात्याच्या पाठीवर, कधी सफरचंद सोलताना धरतो तसा लाकडाच्या टोकाला टेकलेला. म्हणून बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ, जी दुकानात हातात घेतल्यावर फार सुखाची वाटते, ती कामात त्रासाची ठरते. त्या खाचा एकाच पकडीसाठी असतात. पकड बदलली की त्यांचे उंचवटे बोटांत रुततात. खिशाला अडकवायची धातूची क्लिपही तशीच. माझा मधला फोड बरोबर क्लिपखाली होता. क्लिप स्क्रूने बसवलेली असेल तर काढून टाका. मूठ चपटीपेक्षा गोलसर, मधे किंचित फुगलेली आणि आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा बोटभर लांब असावी. दुकानदाराची परवानगी घेऊन मिटलेला चाकूच मुठीत घट्ट धरा आणि दोन मिनिटं मनगट फिरवत राहा. जिथे टोचेल तिथेच उद्या फोड येणार.

पातं शेवटी बघायचं. लांबी ६ ते ८ सेंटिमीटर पुरे. अंगठ्याने ढकलायची ताकद सांध्यापासून जितकी लांब जाते तितका ताबा कमी होतो, आणि चाटूच्या मानेतलं बारीक काम टोकाने करायचं असतं. पात्याची रुंदीही बेताची हवी. मान म्हणजे आत वळलेला भाग. त्या वळणात रुंद पातं फिरतच नाही. त्याची पाठ समोरच्या लाकडाला अडते आणि धार वळणातून बाहेर फेकली जाते. टोकाकडे निमुळतं होत गेलेलं पातं तिथे सहज वळतं. जाडी पाठीला दीड-दोन मिलिमीटर असली की झालं. हल्ली शिकारी थाटाचे तीन-चार मिलिमीटर जाड पात्याचे चाकू मिळतात. दिसायला भक्कम, पण लाकडात ते पाचरीसारखे शिरतात, सोलण्याऐवजी फाडतात. दातेरी धार तर नकोच. ती दोरी कापायला ठीक. लाकडावर ती ओरखडे काढते, आणि घरच्या दगडावर तिला धार लावता येत नाही.

धारेचा कोन हा खरा मर्माचा मुद्दा, आणि तो चाकूसोबत तयार मिळत नाही, आपल्याला करून घ्यावा लागतो. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक घडीच्या चाकूंची धार दोन्ही बाजूंनी साधारण २० अंशांची, म्हणजे मिळून ४० अंशांची असते. रोजच्या वापरात ती टिकावी म्हणून तशी ठेवतात. लाकूड सोलायला ती बोथट पडते. मला प्रत्येक बाजूला १० ते १२ अंश लागतात. कोन मोजायला यंत्र नको. पातं २ सेंटिमीटर रुंद असेल तर दगडावर आडवं ठेवून पाठ साडेतीन मिलिमीटर उचलली की १० अंश झाले. तेवढ्या जाडीची पुठ्ठ्याची पट्टी पाठीखाली धरून पहिले काही हात फिरवावेत. पुढे मनगटाला सवय होते.

धारेचा दगड, म्हणजे निसणा, नसला तरी अडत नाही. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. ४००, १००० आणि २००० नंबरचे तीन तुकडे जाड काचेच्या सपाट तुकड्यावर चिकटवा, पाणी शिंपडा आणि क्रमाने घासा. पहिल्यांदा कोन बदलताना ४०० वर अर्धा-पाऊण तास जातो. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर केसासारखी बारीक खर उभी राहते. बोटाचं पेर पाठीकडून धारेकडे हलकेच नेलं की ती लागते. टोकापासून बुडापर्यंत ती सलग लागली की बाजू बदला. शेवटी जुना चामड्याचा पट्टा फळीवर ताणून त्यावर पातं पाठीच्या दिशेने ओढा, दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. धारेच्या दिशेने ढकलू नका, पट्टा कापला जाईल.

धार आली की नाही हे बघायला आमच्याकडे वांग्यासारखी वस्तू नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट, मोठं, गुळगुळीत सालीचं हे वांगं. त्याच्यावर पातं नुसतं ठेवा, दाबू नका, आणि एक बोटभर ओढा. बोथट धार त्या चकचकीत सालीवरून घसरते. बरी धार साल दाबते, मग कापते. चमच्याला हवी ती धार स्वतःच्या वजनाने सालीत उतरते आणि मागे ओली, सरळ रेघ राहते. कागद कापण्याची परीक्षा सगळे सांगतात. माझा विश्वास वांग्यावर जास्त. परीक्षा झाली की त्याच वांग्याचं भरीत करावं.

पोलादाबद्दल थोडकंच. साधं कार्बन पोलाद लवकर धारेला येतं, पण गंजतं. स्टेनलेसला धार यायला जरा वेळ लागतो, पण पावसाळ्यात ते सांभाळावं लागत नाही. ओलं लाकूड कोरताना चीक आणि पाणी पात्यावर सतत असतं, म्हणून हा फरक इथे लगेच दिसतो. बाभळीच्या लाकडावर कार्बनचं पातं वापरलं तर पंधरा मिनिटांत ते निळं-काळं पडतं आणि लाकडावरही तसेच डाग उठतात. बाभळीत टॅनिन भरपूर. तिच्या सालीने कातडी कमावतात ती याचमुळे. टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळा रंग होतो. त्याने चाकूचं बिघडत काही नाही, पण काम संपल्यावर पातं पुसून तेलाचं बोट फिरवायला विसरू नका.

हे सगळे गुण स्वस्तात कुठे एकत्र मिळतात, तर फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेल चाकूत. जोसेफ ओपिनेलने तो १८९० मध्ये शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी बनवला. १८९७ पासून तो नंबरांत मिळू लागला आणि सांध्यावरचं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं. लाकडी गोल मूठ, पातळ निमुळतं पातं, कड्याची अडणी. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, ७ नंबरचं ८ आणि ६ नंबरचं ७ सेंटिमीटरचं. चमच्यांसाठी ७ नंबर घ्या. हात लहान असेल तर ६. त्याची एक खोड मात्र पावसाळ्यात कळते. मूठ बीच लाकडाची असते, ती दमट हवेत फुगते आणि पातं खाचेत आवळून बसतं, उघडता उघडत नाही. उपाय उन्हाळ्यातच करायचा: मूठ चांगली सुकली की सांध्याकडचा भाग कच्च्या जवस तेलात बुडवून रात्रभर ठेवायचा. लाकडाने तेल प्यायलं की पाणी कमी शिरतं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा चाकू घेतलात तरी हेच गुण त्यात शोधा.

रामपुरी मात्र घेऊ नका. सिनेमातून त्याचं नाव घराघरांत पोचलं, म्हणून तरुण मुलं आधी तोच शोधतात. लांब, टोकदार, बटण दाबताच उघडणारं पातं कोरायला निरुपयोगी असतं आणि पोलिसांसमोर त्याचं समर्थनही करता येत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र ठरतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला ८ सेंटिमीटरचा चाकू या मापापासून फार दूर आहे. तरीही सणावारी किंवा निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवावा. बाजाराच्या गर्दीत तर तो कधीच नेऊ नये.

चाकू आला की लाकूड. पहिल्या कामासाठी कडुनिंब, आंबा नाहीतर शिवण घ्या. शिवणीचं लाकूड मऊ, हाताला फार प्रेमळ. लिंबाच्या, पेरूच्या बागेतली छाटणी बारीक कणीची आणि टिकाऊ. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला ती घ्यावी. सागवानाचा मोह होतो, पण सागात वाळूसारखा सिलिका असतो आणि तो धार खातो. कण्हेर विषारी, तिचा चमचा कधीही करू नका. बिब्ब्याला हातही लावू नका. त्याच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी फोडते. लाकूड ओलंच हवं. वाळलेला कडुनिंब घडीच्या चाकूने सोलणं म्हणजे सांधा ढिला करून घेणं.

ओल्या लाकडाचा आमच्याकडचा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो, आणि सकाळी सोललेला चाटू दुपारी उंबऱ्याजवळ ठेवला तर संध्याकाळी टोकापासून चार बोटं तडकलेला असतो. काम अर्धं राहिलं तर चाटू ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाजवळ ठेवा. पुरा झाला की त्याच्याच सालपटांत पुरून, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आठवडाभर हळूहळू वाळू द्या. मग कच्चं, खायचं जवस तेल दोनदा चोळा. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल नको. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो.

आणि बसायची पद्धत. मनगटाएवढी जाड, दोन फूट लांबीची फांदी कुऱ्हाडीने मधोमध चिरा. मधला गर टाळून एका फाकेवर चाटूचा आकार कोळशाने काढा. नको तो भाग कुऱ्हाडीनेच उडवा. मग ओट्यावर बसा, कोपरं मांड्यांवर टेकवा आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरा. दोन मांड्यांच्या मधे कधीही कापू नका. तिथून जाणारी मोठी धमनी कापली तर दवाखान्यात पोचायला वेळ पुरत नाही. दांडा सोलताना हात लांबवण्यापेक्षा खांद्यातून रेटा द्या. साल कागदासारखी पातळ, लांब निघाली पाहिजे. मानेशी दोन्ही बाजूंनी उताराकडे कापा: दांड्याकडून मानेपर्यंत, आणि चाटूच्या चपट्या पानाकडून मानेपर्यंत. चढाकडे कापलं की रेषा उखडतात आणि चाटू मानेतच मोडतो. आमचा जुना चाटू मोडला तो असाच, कोणीतरी मान उलट कापली होती.

यंदा थंडीत बांधावरच्या कडुनिंबाची छाटणी कराल तेव्हा मनगटाएवढी एक सरळ फांदी बाजूला ठेवा. जळणात टाकू नका. आखाजीला तोवर भरपूर वेळ असतो, आणि पहिल्या चाटूला दोन दिवस पुरतात.